खाल्ल्या मिठाचा हिशेब

नोकरी सुटते तेव्हा माणूस आपल्याबरोबर फारसे काही नेत नाही. जेवणाचा डबा, कामावरचे जुने कपडे, मिळालाच तर अनुभवाचा दाखला आणि अखेरच्या महिन्याचा पगार, एवढेच त्याच्या हाती असते. मागे मात्र तो पुष्कळ काही ठेवून जातो. भोंगा वाजल्यानंतरही यंत्रापाशी काढलेले तास, दुकानाचे दार ओढून घेतल्यावर मालाची मोजदाद करण्यात गेलेल्या रात्री, बदली माणूस आला नाही म्हणून सलग केलेल्या दोन पाळ्या, हे सारे तिथेच राहते. त्या श्रमांचे पैसे मिळाले असतील तर प्रश्न उरत नाही. मिळाले नसतील तर व्यवहाराच्या साध्या भाषेत त्याला एकच नाव आहे : थकलेले येणे. किराणा दुकानदार शंभर रुपयांची उधारी वर्षभर वहीत सांभाळतो आणि गिऱ्हाईक भेटले की मागतो. त्यात कुणालाही वावगे वाटत नाही. कामगाराने आपल्या शंभर तासांची उधारी मागितली की मात्र ती कुरकुर ठरते, आणि नोकरी सोडल्यानंतर मागितली तर कृतघ्नपणाही ठरतो.

असे का व्हावे, याचे एक उत्तर आपल्या भाषेतच सापडते. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाच्या मनात खोलवर रुजलेला आहे. त्यामागे एक जुनी समाजव्यवस्था आहे. खेड्यातील सालगडी पाडव्याच्या सुमारास वर्षाच्या बोलीवर राहत असे. त्याच्या कामाला घड्याळ नव्हते. बैलांना वैरण टाकण्यापासून रात्रीच्या पाण्याच्या पाळीपर्यंत सगळा दिवस मालकाचा असे आणि त्याच्या बदल्यात ठरलेली रक्कम, धान्य, कपडालत्ता, अडीअडचणीला उचल मिळे. या नात्यात जिव्हाळा नव्हताच असे म्हणता येणार नाही. पण हिशेबही नव्हता, आणि हिशेब नसण्याचा लाभ दर वेळी एकाच बाजूला होत होता. सालगड्याची मुले पुढे शहरांत आली, कारखान्यांत, दुकानांत, इमारतींच्या दारांवर कामाला लागली. कामाचे स्वरूप बदलले, मनाची घडण मात्र फारशी बदलली नाही. मालक म्हणजे अन्नदाता आणि पगार म्हणजे त्याचे उपकार, ही समजूत दोन्ही पक्षांनी जपून ठेवली. वस्तुतः महिनाभर काम आधी होते आणि पगार नंतर मिळतो. म्हणजे प्रत्येक महिन्यात कामगारच मालकाला तीस दिवसांची उधारी देत असतो. मीठ कोणी कोणाचे खाल्ले, हा प्रश्न या दृष्टीने पाहिला तर वेगळाच दिसू लागतो.

थकलेला जादा मोबदला मागणाऱ्या माणसाला हमखास ऐकावा लागणारा दुसरा प्रश्न असा : “इतकी वर्षे होतास तेव्हा बोलला नाहीस, काम सोडल्यावरच कसे आठवले?” ऐकणाऱ्यांनाही हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर मात्र अवघड नाही. कामावर असताना तोंड उघडणे म्हणजे उद्याची हजेरी पणाला लावणे. मुकादमाच्या मर्जीवर पाळी ठरते, पर्यवेक्षकाच्या शेऱ्यावर रजा मिळते आणि ठेकेदाराच्या एका शब्दावर काम जाते. घरभाडे, मुलांची फी आणि गावी पाठवायचे पैसे यांचा भार ज्याच्या शिरावर आहे, त्याच्या मौनाला संमती समजणे हा अन्याय आहे. काम सुटले की ही भीती निम्मी होते. निम्मीच, कारण पुढचा मालक आधीच्या मालकाकडे चौकशी करील ही धास्ती उरतेच. तरीही बहुतेक कामगारांना बोलण्याची खरी मोकळीक मिळते ती तेव्हाच. म्हणून माजी मालकाकडे केलेली मागणी उशिराची असली तरी ती सूडाची मानण्याचे कारण नाही.

जादा कामाला जादा दाम, ही कल्पना कुणाच्या उदारपणातून जन्मली नाही. तिच्यामागे दीर्घ इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग मुंबईच्या गिरणगावात घडला. प्रारंभी गिरण्यांमध्ये काम उजाडताच सुरू होई आणि दिवस मावळेपर्यंत चाले. १८८१ साली आलेल्या पहिल्या कारखाना कायद्याने केवळ लहान मुलांच्या कामाचे तास मर्यादित केले. प्रौढांचा त्यात विचार नव्हता. १८८४ मध्ये महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा चटका लावून जातो. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, कामावर जखमी झालेल्यास भरपाई, आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळावेत यासाठी हजारो माणसांना अर्ज करावा लागत होता. साप्ताहिक सुटी मिळण्यास १८९० साल उजाडले.

लोखंडे यांनी सूर्यास्ताची मर्यादा मागितली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळण्याचा कामाशी असलेला संबंधच तुटला. तेजीच्या काळात काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. दिव्यामुळे कामगाराच्या घरी उजेड पडण्याआधी त्याच्या दिवसाची लांबी वाढली, हा यंत्रयुगाच्या प्रगतीचा एक कडू पैलू आहे. (मोबाइल दूरध्वनीने आजच्या कार्यालयीन नोकरदाराच्या संध्याकाळचे जे केले, त्याची ही जणू पूर्वतयारीच.) प्रौढ पुरुषांच्या तासांवर पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने आली आणि तीही कापड गिरण्यांपुरती, दिवसाला बारा तासांची. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले, १९३४ मध्ये चोपन्न. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रमखाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडलेल्या सुधारणेतून १९४६ साली ही मर्यादा अठ्ठेचाळीस तासांवर आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने ती कायम केली आणि त्यापलीकडच्या कामाला वेतनाच्या नेहमीच्या दराच्या दुप्पट दर बंधनकारक केला.

दुप्पट दर का, दीडपट का नाही, असे काही मालक विचारतात. हा दर म्हणजे कामगाराला दिलेले बक्षीस अशी त्यांची समजूत असते. खरे तर तो मालकाला घातलेला लगाम आहे. दोन माणसांचे काम एकाकडून करून घेणे स्वस्त पडू लागले, तर कोणताही व्यापारी दुसरा माणूस नेमणार नाही. ते महाग पडावे, म्हणजे थकलेल्या माणसाला घरी जाता येईल आणि दारात उभ्या असलेल्या बेकाराला काम मिळेल, असा हा विचार आहे. म्हणूनच दुप्पट मोबदला बुडवणारा मालक एकाच वेळी दोघांचे बुडवीत असतो. त्यातला दुसरा कोण, हे त्या दुसऱ्यालाही कधी कळत नाही.

या रकमेचा आकार किती असतो, हे बहुतेकांनी कधी मांडून पाहिलेले नसते. एका इमारतीच्या दारावर बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक घ्या. समजा, त्याला त्या कामाच्या किमान वेतनाइतका म्हणजे महिना १३,००० रुपये पगार मिळतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडा सोयीचा घेतला आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर दिवसाचे ५०० रुपये झाले. सर्वसाधारण कामाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे तासाला ६२ रुपये ५० पैसे. जादा तासाचा दर याच्या दुप्पट, म्हणजे १२५ रुपये. रोज चार तास जादा काम, म्हणजे दिवसाला ५०० रुपये आणि महिन्याला १३,००० रुपये. त्याला जेवढा पगार मिळतो, नेमकी तेवढीच रक्कम दर महिन्याला मालकाकडे राहते. वर्षाला ती १,५६,००० रुपये होते. आपल्या वस्त्यांच्या दारांवर हा हिशेब रोज उभा असतो, आणि त्या दारांतून जाणाऱ्या-येणाऱ्या सुशिक्षितांपैकी फारच थोडे जण तो कधी करून पाहतात.

“पण त्याने बारा तास कबूल केले होते,” असे यावर सांगितले जाते. कबुलीच्या या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली फार मोलाचा विचार मांडला. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांचे ते प्रकरण होते. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. वेठबिगारी म्हटले की चाबूक, साखळदंड, निदान पिढीजात कर्ज डोळ्यांसमोर येते. न्यायालयाने सांगितले की सक्ती भुकेचीही असू शकते. किमान वेतनाहून कमी पैशांत कुणी राबत असेल, तर तो गरजेच्या रेट्याखालीच राबत असणार, आणि ती सक्तीची मजुरीच होय. सुरक्षारक्षकाच्या उदाहरणाला हे तंतोतंत लागू पडते. आठ तासांच्या किमान वेतनात बारा तास काम करणाऱ्याची कबुली कागदावर कितीही ठसठशीत असो, ती भुकेने दिलेली आहे.

सरकारच जादा मोबदल्यावर पाणी सोडण्यास सांगू लागले तर काय होते, याचे उदाहरणही फार जुने नाही. करोनाच्या साथीत, १७ एप्रिल २०२० रोजी, गुजरात सरकारने एक अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांना दुप्पट दराऐवजी नेहमीच्याच दराने पैसे देण्याची सवलतही दिली. कारण सांगितले गेले ते सार्वजनिक आणीबाणीचे. या निर्णयाविरुद्ध गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने अधिसूचना रद्द ठरवली. साथीमुळे उद्योगांवर आलेला ताण ही कायद्याला अभिप्रेत असलेली आणीबाणी नव्हे, असा निर्वाळा दिला. विशेष म्हणजे न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. अधिसूचना निघाल्यापासून ज्या कामगारांनी जादा काम केले, त्या सर्व पात्र कामगारांना कायद्याप्रमाणे मोबदला द्यावा, असा आदेशही त्याने दिला. उद्योग संकटात असतील तर त्यांचा भार कुणी वाहायचा, हा त्या खटल्यातील खरा प्रश्न होता. सरकारी सवलती, कर्जांची मुदतवाढ, करांतील सूट असे अनेक मार्ग उपलब्ध असताना सर्वांत आधी हात गेला तो कामगाराच्या जादा तासांवर, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता जुने वेतनविषयक कायदे जाऊन २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. त्याच दिवशी अन्य तीन कामगार संहिताही लागू झाल्या. या संहितांविषयी कामगार संघटनांचे अनेक आक्षेप आहेत आणि त्यांतील काहींत तथ्यही आहे. परंतु थकलेल्या मोबदल्याच्या प्रश्नापुरते पाहिले, तर वेतन संहितेत कामगाराच्या हाती येणाऱ्या काही चांगल्या गोष्टी आहेत, हे मान्य केले पाहिजे. जादा कामाच्या प्रत्येक तासाला, इतकेच नव्हे तर तासाच्या अंशालाही, किमान दुप्पट दर तिने कायम ठेवला आहे. राजीनामा असो की बडतर्फी, काम सुटल्यापासून कामाच्या दोन दिवसांत वेतन चुकते करावे, असे तिने सांगितले आहे. सर्वांत महत्त्वाचा बदल मुदतीचा आहे. पूर्वी किमान वेतन कायद्याखाली मागणीसाठी सहा महिने आणि वेतन प्रदान कायद्याखाली बारा महिने मिळत. काम सुटल्यानंतर नवे काम शोधण्यातच हा काळ निघून जाई. आता ही मुदत तीन वर्षांची आहे. शिवाय मागणीचा निर्णय करणारा अधिकारी थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववू शकतो; आणि मालकाने पैसे भरले नाहीत, तर जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ते वसूल करता येतात.

काम सोडताना अनेकांकडून एका छापील कागदावर सही घेतली जाते. ‘माझे सर्व येणे मिळाले, यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही’ अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. शेवटचा पगार हवा असेल तर सही करावी लागते आणि सही केली की आपण आपला हात स्वतःच तोडला, असे समजून माणूस गप्प बसतो. ही समजूत चुकीची आहे. संहितेखाली देय असलेल्या रकमेवरील हक्क सोडून देणारा करार संहितेनेच निरर्थक ठरवला आहे. त्याचप्रमाणे वेतन दिले नाही वा कमी दिले अशी मागणी झाली, तर देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले, तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्या मालकालाही हात झटकता येत नाहीत. अखेरची जबाबदारी त्याच्यावर येते. इमारतींच्या दारांवर, रुग्णालयांच्या स्वच्छतागृहांत, गोदामांत राबणारी बहुसंख्य माणसे ठेकेदारामार्फत नेमलेली असतात. त्यांच्या दृष्टीने या तरतुदीचे मोल फार मोठे आहे.

मात्र पैसे चुकते केल्याचा पुरावा मालकाने द्यायचा असला, तरी तेवढे तास काम झाले होते हे आधी पुढे यावे लागते. खरी अडचण येथेच आहे. हजेरीपट मालकाच्या ताब्यात असतो आणि त्यावर रोज सायंकाळी सहा वाजताच सर्वांच्या सुटीची नोंद झालेली असते, मग दिवे रात्री नऊपर्यंत का जळत असेनात. या हजेरीपटाला उत्तर देऊ शकेल अशी एकच वस्तू कामगाराजवळ असू शकते आणि ती म्हणजे त्याची स्वतःची वही. तारीख, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, कुणाच्या सांगण्यावरून थांबावे लागले, एवढ्या चार गोष्टी रोजच्या रोज लिहिलेली वही. तीन वर्षांनंतर आठवून सांगितलेल्या गोष्टीवर समोरचा वकील सहज हसतो. त्या त्या दिवशी, वेगवेगळ्या शाईने, घाईच्या अक्षरांत केलेल्या नोंदींवर हसणे त्याला तितके सोपे जात नाही. तिला जोड देणारे पुरावे आजच्या काळात पुष्कळ आहेत. ‘उद्या लवकर या’, ‘आज रात्रीची पाळीही करा’ असे पर्यवेक्षकाचे मोबाइलवरील संदेश, फाटकावरील नोंदवही, बँकेचे खातेपुस्तक, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील मालकाचे नाव, बरोबर काम केलेल्या माणसाची साक्ष. लिहिता-वाचता येण्याचा उपयोग काय, असे प्रौढ वर्गांत कधी कधी विचारले जाते. चार रकान्यांची ही वही हे त्याचे पुरेसे उत्तर ठरावे. सावकाराची वही आपल्या समाजाने शतकानुशतके पाहिली. मजुराची वही मात्र अजून विरळाच दिसते.

कायद्याची बाजू एवढी भक्कम असताना पैसे बुडतात कसे, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुन्हा हिशेबातच आहे. देय रकमेहून कमी रक्कम देणाऱ्या मालकाला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. वर घेतलेल्या उदाहरणातील सुरक्षारक्षकांसारखे दोनशे जण एखाद्या ठेकेदाराकडे असतील, तर त्याच्याकडे दरमहा २६ लाख रुपये राहतात. २६ लाखांच्या मोहापुढे ५० हजारांचा धाक टिकणार नाही, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पाच वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडल्यास कैदेची तरतूद आहे हे खरे; पण पहिल्याच वेळी तपासणी अधिकाऱ्याने मालकाला चूक सुधारण्याची संधी द्यावी, असेही कायदा म्हणतो. सुधारण्याची संधी ही चांगली गोष्ट आहे. ती ज्याने कधी चोरून भाकरी घेतली त्या भुकेल्यालाही इतक्याच तत्परतेने मिळते का, असा प्रश्न मात्र पडल्यावाचून राहत नाही. दहापट भरपाईची तरतूद खरोखर मोठी आहे. तथापि ती कमाल मर्यादा आहे, आणि अधिकाऱ्यांनी ती सढळपणे वापरली तरच बुडवणे महाग पडेल. मागणीचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे संहिता सांगते. प्रयत्न या शब्दात बरेच काही मावते.

मालकांचीही एक बाजू आहे. छोटा कारखानदार मोठ्या कंपनीला माल पुरवतो, त्याची बिले सहा-सहा महिने अडकतात, आणि सणाच्या आधी एकदम मागणी आली की माणसांना थांबवून घेण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय नसतो. त्याचे हे रडगाणे नेहमीच खोटे असते असे नाही. तसेच प्रत्येक पाव तासाचा काटा लावणारे संबंधही कुणाला नको असतात. आज कामगार थोडा थांबला, उद्या मुलाच्या शाळेसाठी तो तासभर लवकर गेला, अशी देवघेव जिथे खरोखर दोन्ही बाजूंनी चालते, तिथे तक्रारी सहसा उद्भवत नाहीत. परंतु थांबणे रोजचे झाले आणि लवकर जाणे कधीच नशिबी आले नाही, की तिला देवघेव म्हणता येत नाही. बिले अडकली तर कारखानदार बँकेकडून कर्ज काढतो आणि व्याज भरतो. कामगाराच्या तासांतून काढलेले कर्ज मात्र त्याला बिनव्याजी हवे असते, आणि बहुधा परत न करण्याच्या बोलीवर.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांपर्यंत मात्र यातील फारच थोडे पोचते. दोन तासांच्या कामाला चार तास लावणारी पाहुण्यांची वर्दळ, सणाची साफसफाई, आजाऱ्याजवळचे जागरण, यांची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते. येथे मालक म्हणजे एखादी कंपनी नसून अनेकदा कामगार कायद्यांविषयी पोटतिडकीने बोलणारे मध्यमवर्गीय कुटुंबच असते.

थकलेले पैसे मागण्याचा मार्ग कोर्टाच्या पायरीपासून सुरू होत नाही. आधी महिन्यानुसार तास आणि रक्कम मांडून माजी मालकाला एक साधे पत्र लिहावे लागते. त्यात आरोप नसावेत, आकडे असावेत; ते पोचपावतीसह टपालाने पाठवून त्याची प्रत जपून ठेवावी. पुष्कळ प्रकरणे या पत्रावरच मिटण्याजोगी असतात, कारण समोरच्याजवळ हिशेब आहे हे कळले की बोलण्याचा सूर बदलतो. उत्तर आले नाही, तर वेतन संहितेखालील अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तो कामगाराला स्वतः करता येतो, तो ज्या नोंदणीकृत संघटनेचा सभासद आहे तिलाही करता येतो आणि तपासणी अधिकाऱ्यालाही. हा अधिकारी कोण व कुठे, हे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात कळते. ही संहिता साऱ्या देशाची असल्यामुळे बडोद्याच्या कारखान्यात राबलेला खानदेशचा तरुण किंवा हैदराबादच्या उपाहारगृहात काम केलेला लातूरचा मुलगा यांना हा हक्क सारखाच आहे. किमान वेतनाचे दर राज्याराज्यांत वेगळे असतात, अर्जही सामान्यतः जिथे काम केले तिथेच करावा लागतो, आणि तिथली भाषा परकी असते. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आधार घेता येतो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, औद्योगिक कामगारांना आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. नवी संहिता लागू होण्यापूर्वीच्या काळातील येणे असेल, तर अर्जापूर्वी हा सल्ला घेणे अधिकच गरजेचे ठरते.

अर्ज करू इच्छिणाऱ्याने तीन वर्षांच्या मुदतीचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. ही मुदत नोकरी सोडल्याच्या दिवसापासून एकदमच मोजली जाईल, असे अनेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात ज्या महिन्याचे येणे त्या महिन्यापासून ती धावू लागते. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असा आजचा नियम आहे. लोखंड्यांच्या सोबत्यांनी मागितलेली पंधरावी तारीख आता सातवीवर आली आहे. त्यामुळे मार्च २०२६ मधील जादा कामाचे पैसे ७ एप्रिल २०२६ पर्यंत मिळाले नाहीत, तर त्यांच्यासाठीची मुदत एप्रिल २०२९ च्या पहिल्या आठवड्यात संपते. एप्रिलच्या पैशांची मे मध्ये, मेच्या पैशांची जूनमध्ये. उशीर का झाला याचे सबळ कारण दाखवल्यास अधिकारी विलंब माफ करू शकतो. पण दर महिन्याच्या सात तारखेला वहीतले सर्वांत जुने पान मागणीतून गळून पडू लागते.